म्हशींच्या यादीत खंड्या

गुरुवारी सकाळी आठला जनावरांचे डॉक्टर कोडोलीत हंबीररावांच्या गोठ्यात आले, खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा मोजा हातात चढवला आणि म्हणाले, खंड्या दाखवा, गाभण आहे का बघायचंय.

गड्यानं खंड्या दाखवला. खंड्या म्हणजे रेडा. शिंगांना तेल, पाठीला चमक, आणि मान अशी की दोन माणसांनी दोन्ही बाजूंनी मिठी मारली तरी हाताला हात लागू नये. डॉक्टर नवीन होते, कामाचे होते. त्यांनी एकदा खंड्याच्या तोंडाकडं बघितलं, एकदा खाली वाकून खात्री केली, आणि मोजा काढून खिशात घातला. तेवढ्या वेळात दारात पंधरा-वीस माणसं गोळा झाली होती. त्यांच्यासमोर डॉक्टरांनी फोनवरचा मेसेज मोठ्यानं वाचला. तेवढं करायला नको होतं.

'आपली म्हैस खंड्या हिचे दूध आटले आहे. गाभण तपासणीसाठी डॉक्टर आज येतील. तिला जपा, ती दोन जिवांची असू शकते.'

हाच मेसेज हंबीररावांच्या फोनवर पण आला होता. हंबीरराव म्हणजे चाळीस गावांच्या दूध संघाचे अध्यक्ष, सगळ्यांचे आबा. दहा वाजेपर्यंत पन्हाळ्याच्या कचेरीत लोक एकमेकांना विचारत होते, बारशाला पेढे की बर्फी. अकराला हंबीररावांनी कोल्हापुरात अमरसिंहांना फोन लावला. संघाचा सगळा प्रोग्राम अमरसिंहांच्या हापिसानं बनवलेला. दूध, जनावरं, डॉक्टरच्या फेऱ्या, मेसेज, सगळा. हंबीररावांनी 'हॅलो' सुद्धा म्हटलं नाही.

"तुमचा त्यो दिलदार. त्येलाच इचारा."

आणि फोन ठेवला.

लक्ष्मीपुरीत भांड्याच्या दुकानाच्या वर दुसऱ्या मजल्यावर ते हापिस. माणसं तीन. अमरसिंह मालक, संयोगिता तीन वर्षांपूर्वी आलेली, आणि दिलदार चौदा वर्षांपासूनचा. चाळीस गावांचा प्रोग्राम खरं म्हणजे दिलदारच्या डोक्यातनं उतरलेला. पण लोकांना तो लक्षात होता वेगळ्याच कारणांनी. एकदा त्यानं खालच्या वॉचमनला सांगितलं होतं की सरांची स्कूटर लई पायगुणाची आहे, हात लावून गेलं की काम होतं. आठवडाभरात स्कूटरला हळदी-कुंकू लागलं, शुक्रवारी सीटवर दोन नारळ निघाले. आणि गेल्या साली त्यानं खुद्द हंबीररावांच्या फोनची रिंग बदलून रेड्याचं हंबरणं लावलं होतं. ते जिल्ह्याच्या मीटिंगमध्ये वाजलं. हंबीरराव तेव्हा हसले होते. पण ते हसणं त्यांनी कुठंतरी नोंदवून ठेवलं होतं, ते आता कळलं.

अमरसिंहांनी दिलदारला आत बोलावून मेसेज दाखवला. दिलदारनं वाचला आणि तो एवढा हसला की टेबल धरून खाली बसला. डोळ्यांतनं पाणी आलं. पुढं हे हसणंच त्याच्या विरोधात पुरावा म्हणून धरलं गेलं.

हसता हसता त्याला पहिल्यांदा जे वाटलं ते हेव्यानं वाटलं. एवढी झकास चेष्टा आपल्याला का सुचली नाही? मग दुसरं वाटलं, आणि हसू थांबलं. आपण तर केली नाही. मग कुणी केली?

त्याचं कुणी ऐकलं नाही. मेसेजचे शब्द त्याचेच होते, 'दोन जिवांची' वगैरे. सहा वर्षांपूर्वी म्हशींसाठी त्यानंच लिहून ठेवलेले. संयोगितानं मान खाली घालून सांगितलं, भाई, मला सांगितलं असतं तर मी पण फोटो काढायला गेली असती. अमरसिंह म्हणाले, मस्करी पुरे, काढून टाक. दिलदारनं आईची शपथ घेतली. संयोगिता म्हणाली, नारळाच्या वेळी पण घेतलेली.

त्यात त्याच सकाळी प्रोग्राम पण बंद पडला होता. मेसेज सगळे गेले, आणि नंतर विण्याच्या तारखांची यादी छापताना मशीन जागेवर बसलं. एरर सांगत होती: रेड्याची म्हैस करता येत नाही. सगळ्यांनी तारखांचा भाग उघडून बघितला. त्यात काही खोट नव्हती. संयोगितानं सर्व्हर बंद करून परत चालू केला, तर सगळं सुरळीत. कोडोलीच्या म्हशींची यादी काढली. बावीस म्हशी. खंड्या नाही. कुणीतरी घातला, काम झाल्यावर काढून नेला, असंच दिसत होतं. आणि असं काम करणारा माणूस हापिसात एकच होता.

दिलदारला पहिल्यांदा कळलं की आपल्याकडं संशयानं बघणारे डोळे कसे असतात. चहावाला सुद्धा कप ठेवताना कपात काय पडतंय का बघायला लागला.

पुढच्या गुरुवारी परत तेच झालं. तोच मेसेज, तीच एरर. डॉक्टर गेले नाहीत, पण मेसेज गेला, आणि हंबीररावांच्या ओसरीवर कुणीतरी डोहाळेजेवणाची हिरवी साडी आणून ठेवली. हंबीररावांनी ह्या खेपेला फोन केला नाही. माणूस पाठवला. निरोप एवढाच: दिवाळीचा पाडवा मंगळवारी. मंगळवारी खंड्या सजून गावातनं पळणार, आणि त्या दिवशी कुणी हसलं तर संघाचं काम दुसऱ्याला. त्याच्या आधी एकतर हे कुणी केलं ते दाखवा, नाहीतर त्या दिलदारला काढा.

अमरसिंहांनी दिलदारला चहा मागवला. चौदा वर्षांत त्यांनी स्वतःहून चहा मागवलेला हा दुसरा प्रसंग. दार लोटून घेतलं, आवाज मऊ केला.

"तूच केलीस म्हणून टाक की. आबा एक शिवी देतील, चार दिवस रुसतील. चेष्टा हाय म्हटल्यावर मिटतंय. तुझी खुर्ची कुठं जात न्हाय, मी हाय."

दिलदारनं चहा प्याला. चहा चांगला होता, तोच घोटाळा होता. सर एवढ्या मायेनं बोलतायत म्हणजे काय? माणूस आपल्याला वाचवतोय, की आपल्याला पुढं करून दुसऱ्या कुणाला? बाहेर येऊन त्यानं संयोगिताकडं बघितलं. ती पटकन स्क्रीनकडं वळली. हिनं? हिला नारळाचा राग असेल? नारळ तिनंच खाल्ले होते. कोडोलीच्या दुधाच्या सेंटरवर बसणारी सबिना? तिला म्हशींची यादी उघडता येते. पण ती तर त्याची लांबच्या नात्यातली भाची, आणि चेष्टेच्या नावानं तिच्या घरात कधी कुणी हसलेलं नाही.

शुक्रवारी त्यानं संयोगिताला शेजारी खुर्ची ओढून बसवलं. म्हणाला, तू माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. फक्त मी काय करतोय ते बघत बस. साक्षीदार पाहिजे मला.

"हे पण नाटक असलं तर?" संयोगितानं विचारलं.

"तर शेवटचं."

मग त्यानं तिला जे सांगितलं ते ती शिकली होती, पण असं कुणी सांगितलं नव्हतं. यादी म्हणजे डबा. डबे सगळे सारखेच, पण प्रत्येकावर पाटी लावायची: हा म्हशींचा, हा गाईंचा, हा डॉक्टरांचा. जेनेरिक म्हणतात ते हेच, डबा एक आणि पाटी ज्याची त्याची. प्रोग्राम चालू व्हायच्या आधी कंपायलर नावाचा गृहस्थ सगळ्या पाट्या वाचत फिरतो. म्हशींच्या डब्यात रेडा घालायला निघालात तर तिथंच लाल ओळ मारतो, पुढं सोडत नाही. आणि सगळं बरोबर आहे म्हणून त्याची खात्री झाली की तो पाट्या काढून टाकतो. प्रोग्राम पळतो तेव्हा नुसते डबे असतात. आत काय आहे ते डब्याला पण माहीत नसतं.

"म्हणजे," संयोगिता म्हणाली, "एकदा कंपायलरला चुकवून आत गेला की..."

"आत गेला की गेला. कुणी इचारत न्हाय. मेसेजवाल्याला नाव, मालक आणि काट्यावरचं दूध एवढंच लागतं; खंड्याच्या नावावर दूध न्हाय म्हणजे आटलं, त्यानं पुढं सारला. म्हस हाय का रेडा, त्याला काय करायचंय? बोंब कुठं झाली? जिथं पहिल्यांदा म्हशीचं काम सांगितलं तिथं. विण्याची तारीख काढ म्हटल्यावर. आपण सगळे बोंबलणाऱ्याला धरून बसलोय. घालणारा भलतीकडं हाय."

म्हणून त्यानं बोंब व्हायची जागा बदलली. म्हशींच्या डब्याच्या दारावर एक माणूस उभा केला. म्हणजे माणूस नव्हे, डब्याभोवती एक आवरण, जे प्रोग्राम पळत असताना पण आत येणाऱ्या प्रत्येकाला विचारतं: तू म्हैस आहेस का? नसलास तर तिथंच आरडाओरडा, आणि तुला इथवर कुणी आणलं त्यांची नावं ओळीनं, मागच्यापासून पुढच्यापर्यंत. चार ओळींचं काम. ते असतं हे दिलदारला ठाऊक होतं, पण लावायची वेळ कधी आली नव्हती.

शनिवारी सकाळी पावणेनऊला सबिनाचा कोडोलीवरनं फोन आला. मामू, स्क्रीन लाल झाली. मी काय केलेलं नाही. अंबूकाकी बसल्यात, त्या पण म्हणतात आम्ही काय केलेलं नाही.

अंबूकाकी म्हणजे हंबीररावांची मंडळी. दिलदारनं हळू आवाजात विचारलं, लाल व्हायच्या आधी काय करत होतीस? सबिना जरा घुटमळली. मग म्हणाली, काकी दूध घालायला आल्या की पाडव्याच्या नोंदणीचं पान उघडायला सांगतात. खंड्याचा फोटो बघायला. बुधवारी तर नेमानं, बाजाराला जायच्या आधी. बघतात, स्क्रीनला बोट लावून बोट कपाळाला लावतात आणि जातात.

दिलदारनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. चाळीस गावांत पाडव्याला रेडा नोंदवणारे एकटे हंबीरराव. बाकी सगळ्यांच्या म्हशी. अंबूकाकीनं त्या रेड्याला रेडकू असताना बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. बुधवारी त्या पान उघडायच्या, गुरुवारी मेसेज जायचा. आणि सर्व्हर बंद करून चालू केला की डबा नव्यानं भरला जायचा, खंड्या गायब. चोर आपल्या पायानं येत होता आणि आपण झाडू मारून त्याची पावलं पुसत होतो.

संयोगितानं दारावरच्या माणसाची यादी उघडली. सगळ्यात वर ओळ होती पाडव्याच्या नोंदणीची. तो भाग नवीन, गेल्याच महिन्यातला. त्यात लिहिणाऱ्यानं म्हशींचा डबा मागून घेतला होता, सजवायच्या जनावरांची नावं दाखवायला. मागून घेताना पाटीच फाडली होती, नुसता डबा म्हणून घेतला, आणि नावं दाखवायची सोडून नोंदवलेलं प्रत्येक जनावर त्यातच टाकत सुटला होता. कंपायलरनं तिथं पिवळी ओळ मारली असणार: मला खात्री नाही, तुम्ही बघा. पण पिवळी ओळ दिसत नव्हती. कारण वर आणखी एक ओळ होती. इशारे दाबून टाकायची. कंपायलरच्या तोंडात बोळा.

"कुणी लिवलंय बघ," दिलदार म्हणाला. त्याला आत्तापासूनच आनंद व्हायला लागला होता.

संयोगितानं इतिहास उघडला. प्रत्येक ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली, सगळं तिथं असतं. तिनं वाचलं, आणि खुर्ची थोडी मागं घेतली.

"भाई. तुमचं नाव हाय."

दिलदारनं स्वतः वाचलं. दिलदार. सोमवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. त्यानं डोळे चोळले. आपण केलं? विसरलो? एवढ्या चेष्टा केल्या की एखादी आपल्यालाच कळू न देता केली? पाच मिनिटं त्यानं स्वतःवर असा संशय घेतला जसा आयुष्यात कुणी त्याच्यावर घेतला नव्हता.

मग त्याच्या डोक्यात 'सोमवार' हा शब्द जाऊन बसला.

सोमवारी त्या भागात दुरुस्तीसाठी लाईट जाते. हापिसात इन्व्हर्टरचा सॉकेट एकच, आणि तो दिलदारच्या टेबलाखाली. म्हणून सोमवारी ज्याला काम असेल तो दिलदारच्या मशीनवर बसायचा. मशीन उघडंच असायचं, आणि त्यावर जे काही लिहिलं जाईल ते दिलदारच्या नावानं जायचं. वर्षानुवर्षं असंच चाललेलं. कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. खुर्चीवर कुणी पण बसा, पाटी दिलदारची.

त्यानं फोन काढला आणि फोटो मागं मागं सारत गेला. त्या सोमवारी तो गारगोटीत होता. बहिणीच्या, बिबीजानच्या, लेकीचा साखरपुडा. फोटोत दुपारी दोन वाजता तो भाचीच्या, शबनमच्या, होणाऱ्या सासऱ्याच्या खुर्चीला मागनं फुगा बांधत होता.

"तू कुठं हुतीस?"

"मी संघात. सेंटरवाल्यांना शिकवायला गेलती. सही हाय माझी तिथं."

दोघांनी एकदम काचेच्या केबिनकडं बघितलं. आत अमरसिंह फोनवर बोलत होते आणि बाहेर बघत होते. ते पटकन टेबलाचा ड्रॉवर उघडून त्यात काहीतरी शोधायला लागले.

दिलदार आत गेला. फुग्याचा फोटो टेबलावर ठेवला आणि शेजारी त्या ओळीची छापलेली प्रत. अमरसिंहांनी दोन्ही बघितलं. बराच वेळ फुगाच बघत बसले.

"आबांनी आदल्या दिवशी सांगितलं, पाडव्याची नोंदणी पाहिजेच म्हणून," ते म्हणाले. "तुम्ही दोघं न्हाय. म्हटलं, आपण पण कधीकाळी लिवत हुतो की. लिवलं. चाललं. नुसतं पिवळं पिवळं येत हुतं. एका वळखीच्याला फोनवर इचारलं, पिवळं कसं घालवायचं. एक ओळ सांगितली त्यानं. टाकली. गेलं."

"आणि पहिल्या गुरुवारी कळलं न्हाय तुमाला?"

"दुसऱ्या गुरुवारी शंका आली." त्यांनी ड्रॉवर बंद केला. "पण तवर सगळ्यांनी तुझं नाव घेतलं हुतं. आणि दिलदार, इचार कर. चेष्टा म्हटलं तर आबा हसतील. प्रोग्राम चुकला म्हटलं तर चाळीस गावं इचारतील, मग आमचं बाकीचं तरी बरोबर हाय कशावरनं? तुझ्यावर जाऊ दे. तुला सवय हाय."

'तुला सवय हाय' हे त्यांनी वाईट मनानं म्हटलं नव्हतं. तेच दिलदारला लागलं.

रविवारी तिघं जीपमधनं कोडोलीला गेले. दिलदारनं शनिवारी रात्रीपर्यंत काम संपवलं होतं. कंपायलरच्या तोंडातला बोळा काढला. पाडव्याच्या भागाला म्हशींचा डबा द्यायचा तर तो नुसता बघायला: कुठल्याही जनावरांचा असेल असं समजून नावं वाच, पण आत काही टाकायला हात घालायचा नाही, आणि तसं तो करू बघेल तर कंपायलर लाल मारेल. नोंदवलेली जनावरं ठेवायला त्याला त्याचा वेगळा डबा, त्यावर पाटी 'कुठलंही जनावर'. त्यात म्हैस, रेडा, शेळी, काय पण बांधा. जीपमध्ये संयोगितानं विचारलं होतं की म्हैस जनावरच तर असते, मग म्हशींचा डबा जनावरांचा डबा म्हणून दिला तर काय बिघडलं. दिलदार म्हणाला, तुझ्या म्हशींच्या गोठ्यावर 'जनावरांचा गोठा' असा बोर्ड लाव आणि जा बाजाराला. येईपर्यंत कुणीतरी शेळी बांधलेली असंल, आणि त्याचं काय चुकलं नसंल.

सेंटरवर हंबीरराव खुर्ची टाकून बसले होते. मागं आठ-दहा माणसं, एका कोपऱ्यात सबिना मशीनपाशी, आणि दारात अंबूकाकी, हातात रिकामी किटली. हंबीररावांनी दिलदारला समोर उभं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"हे बघ पावणं," ते म्हणाले, आणि चौदा वर्षांच्या ओळखीच्या माणसाला पावणं म्हटल्यावर मागच्यांनी माना उंचावल्या. "चेष्टा केली आसलीस तर सांग. एक शिवी देतो, च्या पाजतो, मिटलं. पण मशीनच चुकतंय म्हणून सांगायला आला आसलास, तर मग आमच्या दुधाचं काय? म्हस म्हणून रेडा चालतो, तर माझं दूध म्हणून दुसऱ्याचं कशावरनं गेलं न्हाय?"

अमरसिंह दिलदारकडं बघत होते. नजर सांगत होती, घे, आयतं दार उघडलंय. दिलदारला पण दिसत होतं. एक शिवी, एक चहा, खुर्ची शाबूत. आणि उभ्या उभ्या त्याला दोन गोष्टी आठवल्या. एक म्हणजे डॉक्टरचा मोजा: पुढच्या खेपेला त्या हातात सुई असती तर? आणि दुसरी अशी की आयुष्यात त्यानं कितीतरी चेष्टा केल्या, पण दुसऱ्याची चेष्टा आपल्या नावावर कधी घेतली नव्हती. ही तर चेष्टा पण नव्हती.

"चेष्टा न्हाय आबा. चूक हाय," तो म्हणाला. "आमच्या हापिसातली. कुणाची ते हापिसात राहू दे, नाव मशीनवर माझंच हाय. दुधाची नोंद काट्यावरनं होती, त्या यादीवरनं न्हवं, म्हणून दूध शाबूत हाय. पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. कुणीच ठेवत न्हाय. तुमीच घालून बघा खंड्याला म्हशीत."

अमरसिंहांनी मान खाली घातली. हंबीररावांनी चष्मा लावला. सबिनानं खुर्ची मोकळी करून दिली. त्यांनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, म्हशींच्या यादीत खंड्याच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर घातला. स्क्रीननं तिथल्या तिथं सांगितलं: हा रेडा आहे, म्हशींच्या यादीत घेता येत नाही. आबांनी गाईचा नंबर घातला. नाही घेतला. संशय काही जाईना. मागच्या एकाला शेळीचा नंबर विचारला. नाही घेतला. मग अंबूकाकींना म्हणाले, तुझी ती कपिली म्हस घाल. ती एका फटक्यात गेली.

"पाडव्याचं पान उघड," ते सबिनाला म्हणाले. सबिनानं उघडलं. खंड्या झळकला, गळ्यात कवड्यांची माळ, शिंगाला मोरपीस. काही लाल झालं नाही. म्हशींची यादी परत काढली, खंड्या आत नव्हता. अंबूकाकी पुढं आल्या आणि सवयीनं स्क्रीनला बोट लावून कपाळाला लावलं.

हंबीररावांनी बायकोकडं बघितलं.

"रोज बघतीस?"

"मग. घरात तुमी त्याला हात लावू देताय व्हय, तेल निघतंय म्हणून," अंबूकाकी म्हणाल्या. "आणि दुधाचं काय इचारताय त्येला? आपल्या दुधाचं मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिवती. तीन वरसं जुळतंय मशीनसंगं. मला इचारलं आसतं तर आदीच सांगितलं आसतं."

मागं पहिल्यांदा कुणीतरी हसलं, आणि ते खंड्याला नव्हतं. हंबीरराव उठले. दिलदारच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ठरलेली शिवी दिली ती अमरसिंहांकडं बघून. त्यांनी कसं ओळखलं हे कुणाला कळलं नाही. चहा आला. दिलदारनं कपात दोनदा बघितलं आणि प्याला.

मंगळवारी पाडव्याला तिघं परत कोडोलीत होते. खंड्या निघाला. अंगावर रंगाची नक्षी, पायात घुंगरं, पुढं हंबीरराव मोटरसायकलवर, आणि तिच्या आवाजामागं तो साडेसातशे किलोचा ऐवज धुरळा उडवत पळत होता. कुणी हसलं नाही. दिलदार एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा राहून शिट्टी मारत होता. तेवढ्यात खिशात फोन थरथरला.

'आपली म्हैस दिलदार हिचे दूध आटले आहे. गाभण तपासणीसाठी डॉक्टर आज येतील. तिला जपा, ती दोन जिवांची असू शकते.'

शिट्टी तोंडातच राहिली. पहिला विचार आला: दार फुटलं. आत कोण गेलं? मग दुसरा आला, सावकाश. मेसेज गुरुवारी जातात. आज मंगळवार. आणि माणसांना नंबर नसतो. म्हणजे दार शाबूत आहे. म्हणजे हे कुणीतरी हातानं पाठवलं.

त्यानं मान वळवली. संयोगिता खंड्याचा व्हिडिओ काढत होती, जरा जास्तच मन लावून. अमरसिंह आभाळाकडं बघत होते, आणि आभाळात बघण्यासारखं काही नव्हतं. खाली सबिना अंबूकाकींच्या मागं उभी होती आणि तिच्या तोंडावर, त्या घराण्यात कधी नव्हे ते, हसू होतं.

दिलदारनं फोन खिशात घातला. तिघांकडं परत एकदा आळीपाळीनं बघितलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू फुलत गेला. तेवढ्यात गर्दीतनं डॉक्टर त्याच्याच दिशेनं येताना दिसले. उजव्या हातात, खांद्यापर्यंत, मोजा होता.